पाहुणचाराची बिलं तपासताना आक्षेप कुठे काढायचा आणि कुठे सोडून द्यायचा?

नवी_तपासनीस

नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठाच्या वित्त विभागात आहे. सात वर्षं पगारबिलांवर काढली. तिथे आकडा एकतर बरोबर असतो नाहीतर चूक, मधलं काही नसतं. गेल्या महिन्यात टेबल बदललं आणि पाहुणचाराच्या खर्चाच्या प्रतिपूर्तीचे अर्ज माझ्याकडे आले. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्यांचं जेवण, मुलाखतीच्या उमेदवाराबरोबरचं जेवण, देणगीदारांची बैठक, कुणाचा निरोप समारंभ, असं सगळं. आधी हे काम बघणारे सहकारी निवृत्त झाले. जाताना एवढंच म्हणाले, "फार खोलात शिरू नकोस आणि डोळे मिटूनही सही करू नकोस." ह्या दोन्हींच्या मधे नेमकं कुठे उभं राहायचं ते सांगायचं मात्र राहून गेलं.

आता समोर असलेला अर्ज सांगते. ११ जणांचं रात्रीचं जेवण. हेतूच्या रकान्यात दोन शब्द: "शैक्षणिक चर्चा". सोबत कार्ड मशीनमधून निघालेली चिठ्ठी, तिच्यावर तारीख आणि एकूण रक्कम. काय काय मागवलं त्याचं बिल नाही. ११ नावांत बाहेरचा पाहुणा एकच, उरलेले १० विभागातलेच. पैसे भरले आणि अर्ज केला तो विभागातल्या सगळ्यांत नव्या सहायक प्राध्यापकांनी. मंजुरीची सही विभागप्रमुखांची, आणि जेवणाऱ्यांच्या यादीत विभागप्रमुखांचं नाव दुसऱ्या क्रमांकावर. माणशी खर्च मर्यादेच्या आत आहे, पण अगदी काठावर.

मी तपशीलवार बिल मागायला फोन केला तर विभागप्रमुख म्हणाले, "अहो, माणसं आली, जेवली, गेली. आता तुम्ही काय ताटं मोजत बसणार का?" वर हेही म्हणाले की आधीचे साहेब असले अर्ज न विचारता पास करायचे. खरं सांगायचं तर मला त्यांच्यावर संशय नाहीये. माणूस सज्जन आहे. पण मग मी नक्की तपासतेय काय? आणि पास केला तर पुढच्या वेळी दुसऱ्या विभागाला कोणत्या तोंडाने आक्षेप काढू?

लाल_शाई

ताई, ताटं मोजायची. तेवढ्यासाठीच तुम्हाला तिथे बसवलंय. मी १९ वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात होतो, त्यातली निम्मी ताटं मोजण्यात गेली, आणि त्याची लाज वाटावी असं काही घडलं नाही.

पण आधी सगळ्यांत गंभीर गोष्ट, जी तुम्ही बरोबर टिपलीत पण तिसऱ्या-चौथ्या नंबरला लिहिलीत. मंजुरीची सही करणारा माणूस त्याच टेबलावर जेवला आहे. बाकीचे सगळे मुद्दे ह्याच्यापुढे किरकोळ. अर्ज कनिष्ठाच्या नावाने आला म्हणून वरवर सगळं नियमात दिसतं, पण प्रत्यक्षात विभागप्रमुखांनी स्वतःच्याच जेवणाला मंजुरी दिलीय. पुष्कळ ठिकाणी साधा दंडक असतो: टेबलावर जो सगळ्यांत ज्येष्ठ असेल त्यानेच पैसे भरायचे आणि अर्जही त्यानेच करायचा. म्हणजे मंजुरी आपोआप एक पायरी वर जाते, जेवायला नसलेल्या माणसाकडे. तुमच्या नियमावलीत हे वाक्य आहे का बघा. नसलं तरी हा अर्ज नाकारू नका, अधिष्ठात्यांच्या सहीसाठी वर पाठवा. शेरा असा: "मंजुरी देणारे अधिकारी स्वतः उपस्थित असल्याने वरिष्ठांची मंजुरी आवश्यक." बास. ह्यात कुणावर आरोप नाही. दहातल्या नऊ वेळा खरं कारण असतं ते एवढंच की नव्या पोराचं कार्ड खिशात हाताला लागलं.

आता बिल. कार्डाची चिठ्ठी म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा, काय घेतलं त्याचा नाही. तपशीलवार बिलावर टेबलाला किती माणसं होती ते बहुतेक वेळा छापलेलं असतं, वेळ असते, आणि जेवणाव्यतिरिक्त काही असेल तर तेही दिसतं. "बिल हरवलं" म्हणतील. तारीख, वेळ आणि रक्कम सांगितली तर उपाहारगृहं बहुतेक वेळा बिलाची दुसरी प्रत काढून देतात, मशीनमध्ये नोंद असते. आणि मूळ बिल असलं तरी त्याचा फोटो त्याच दिवशी काढायला सांगा. त्या कागदावर शाई नसते. कागदाचा लेपच उष्णतेने काळा होतो. ऊन लागलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला की अक्षरं उडून जातात. ऑडिट येईपर्यंत फाइलमध्ये कोरा कागद टाचलेला, त्यावर आपला शिक्का आणि सही. असं माझ्या बाबतीत झालंय.

चिठ्ठीवर भागवलं की काय होतं त्याचाही किस्सा सांगतो. दोघांनी एकाच जेवणाचे पैसे घेतले होते. एकाने कार्डाची चिठ्ठी लावली, दुसऱ्याने तपशीलवार बिल. मधे तीन आठवडे. दोन्ही मीच पास केले. रकमा एकसारख्या नव्हत्या, कारण बक्षिशी चिठ्ठीत होती, बिलात नव्हती. सहा महिन्यांनी सापडलं ते निव्वळ योगायोगाने: दोन्ही याद्यांत परगावच्या एकाच पाहुण्याचं नाव होतं, आणि मला ते आडनाव वेगळं वाटलं म्हणून लक्षात राहिलं होतं. दोघांपैकी एकाला तर पत्ताच नव्हता, त्याच्या वतीने कार्यालयातल्या कुणीतरी अर्ज भरला होता. तेव्हापासून मी चिठ्ठीवर पैसे दिले नाहीत.

"शैक्षणिक चर्चा" हा हेतू नव्हे. विद्यापीठात माणूस जिन्यात भेटला तरी शैक्षणिक चर्चाच करतो. कुणाचं व्याख्यान, कुठल्या तारखेला, किंवा कोणत्या कामाची बैठक, एवढं एका ओळीत हवं. तीन वर्षांनी हा कागद उघडणाऱ्या परक्या माणसाला कुणालाही फोन न करता कळलं पाहिजे, इतपतच. निबंध नको.

एकास दहा हे प्रमाण? इथे नियमाचं नाही, अकलेचं काम आहे. विभागात १२ माणसं असतील आणि पाहुणा नोकरीचा उमेदवार असेल तर दहा जणांनी त्याला भेटणं रास्त आहे. पाहुणा दर महिन्याला येणारा शेजारच्या विभागाचा माणूस असेल तर तो निमित्तापुरता आहे. नुसत्या आकड्यावरून ह्यातला फरक कळत नाही, हेतूच्या ओळीवरून कळतो. म्हणून ती ओळ मागायची.

शेवटी एक, जे मला फार उशिरा कळलं. एका अर्जात पाहुण्या व्याख्यात्याबरोबर रात्रीचं जेवण दाखवलं होतं. त्याच पाहुण्याच्या प्रवासखर्चाची फाइल योगायोगाने माझ्याच टेबलावर होती. परतीचं तिकीट त्याच दिवशी दुपारचं. म्हणजे जेवणाच्या वेळी पाहुणा गावातच नव्हता. मी तर खूश झालो, सापडला चोर! प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या रात्री ते आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. तीन दिवसांची परिषद त्या पोरांनी फुकटात राबून पार पाडली होती. म्हटलं मग तसं लिहायचं ना. तर म्हणाले, "मागच्या वर्षी तसंच लिहिलं होतं. तुमच्याच शाखेने 'बाहेरचा पाहुणा नाही' म्हणून परत पाठवलं." मी जुनी फाइल काढली. परत पाठवलेल्या कागदावर लाल शाईत माझीच सही होती.

पाहुणा खोटा लिहिला हे चूकच, आणि ते पैसे मी दिले नाहीत. पण त्यानंतर आम्ही अर्जात "स्वयंसेवक/विद्यार्थी" असा वेगळा रकाना टाकला आणि त्याला वेगळी, थोडी कमी मर्यादा ठेवली. पाहुण्यांच्या नावाखालचे अर्ज पुढच्या वर्षी आपोआप कमी झाले.

खिसा_रिकामा

टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितोय, प्राध्यापक आहे. लाल_शाई यांचं बहुतेक पटलं, पण एक तक्रार नोंदवतो.

आक्षेप काढा, हवे तेवढे काढा, पण हप्त्याहप्त्याने काढू नका हो! माझा मागचा अर्ज पहिल्यांदा परत आला कारण उपस्थितांची यादी नव्हती. यादी जोडली. दुसऱ्यांदा परत आला, यादीत प्रत्येकाची संस्था लिहिलेली नव्हती. लिहिली. तिसऱ्यांदा, "हेतू स्पष्ट करावा". हेतू पहिल्या दिवसापासून तोच होता, तो काय मधल्या काळात अस्पष्ट झाला? चौथ्या खेपेला उत्तर आलं की मुदत उलटून गेली, आता विशेष परवानगी लागेल. मुदत तुमच्याच टेबलावर उलटली ना!

पैसे माझ्या खिशातून गेलेले असतात हे कुणी लक्षात घेत नाही. मला परवडतं. पण ताईंच्या अर्जातला तो नवा सहायक प्राध्यापक बघा. ११ जणांच्या जेवणाचं बिल त्याच्या कार्डावर. फाइल दोन महिने फिरली तर कार्डाचं व्याज तो भरणार, आणि ते तुम्ही परत देत नाही. वरिष्ठ "तू भर रे, मिळतील परत" म्हणतात तेव्हा नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नसते. म्हणून ज्येष्ठाने पैसे भरायचे हा दंडक मला मंजुरीपेक्षा ह्या कारणासाठी जास्त पटला.

लाल_शाई

मान्य. बिनशर्त मान्य. सगळे आक्षेप एका खेपेत, आणि मुदत मोजायची ती अर्ज पहिल्यांदा आला त्या तारखेपासून. ताई, हे दोन नियम स्वतःपुरते आजच लावून घ्या, कुणाची परवानगी लागत नाही.

आकडेमोड

मी संख्याशास्त्राचा माणूस. एकेक अर्ज डोळ्यांनी तपासण्यापेक्षा वर्षभराचे सगळे आकडे घ्या आणि बेनफर्डचा नियम लावून बघा. नैसर्गिकपणे जमलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३०.१ टक्के असतं, ९ असण्याचं जेमतेम ४.६ टक्के. सायमन न्यूकम यांच्या हे १८८१ साली लक्षात आलं: लॉगॅरिदमच्या कोष्टकांची सुरुवातीची, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या आकड्यांची, पानं जास्त मळलेली होती. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी २० हजारांहून जास्त आकड्यांवर ते तपासलं. लोक मनाने आकडे लिहितात तेव्हा हे प्रमाण बिघडतं. लेखापरीक्षक ही पद्धत खरोखर वापरतात.

लाल_शाई

वापरतात, आम्हीही वापरून पाहिली. पाहुणचाराच्या बिलांवर चालली नाही. कारण साधं आहे: माणशी मर्यादा ठरलेली असली की आकडे नैसर्गिक राहतच नाहीत. मर्यादा १०० एकक धरा. लोक ९० ते ९९ च्या मधे दाटी करतात, म्हणजे पहिला अंक ९ धो धो येतो. चोरीमुळे नाही, मर्यादा माहीत असते म्हणून. तुमच्या नियमाने निम्मं विद्यापीठ संशयित ठरलं असतं. शिवाय एका विभागाचे वर्षाला ४० अर्ज, त्यात कसली प्रमाणं काढणार?

त्यापेक्षा तीन साध्या चाळण्या लावा. तारीख आणि रक्कम जवळजवळ सारखी असलेले अर्ज शेजारी आणा, दुबार तिथेच पकडलं जातं. एकाच दिवसाचे एकाच ठिकाणचे दोन अर्ज बघा. वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी चुकवायला बिल अर्धं अर्धं करतात, तेव्हा बिलांचे क्रमांक लागोपाठचे निघतात. आणि ज्याला प्रवासाचा दैनिक भत्ता मिळालाय तो त्याच दिवशी पाहुणचाराच्या यादीत आहे का ते ताडून पाहा. त्याच्या एका जेवणाचे पैसे दोनदा जातात, आणि बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

अनुदान_कक्ष

एक प्रश्न कुणीच विचारला नाही: पैसे कोणत्या खात्यातून जाणार? आमच्याकडे हा पहिला प्रश्न असतो.

विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून चालतं ते संशोधन अनुदानातून चालेलच असं नाही. मी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदानांचे हिशेब बघते. तिथली खर्चाची तत्त्वं '२ सीएफआर २००' ह्या नियमसंचात आहेत. त्यातलं कलम ४२३ मद्याचा खर्च सरळ नाकारतं. ४३८ करमणुकीचा खर्च नाकारतं, अपवाद म्हणजे त्यामागे प्रकल्पाचंच काम असेल आणि तो मंजूर अनुदानातच धरलेला असेल. उलट परिषद भरवली तर तिथलं जेवण ४३२ खाली बसू शकतं. म्हणजे तेच जेवण, तीच माणसं, पण कागदावर ते काय म्हणून मांडलंय त्यावर सगळं अवलंबून. अमेरिकेच्या आयकर नियमांतला ६० दिवसांचा आकडाही इथे कामाला येतो. खर्च झाल्यापासून ६० दिवसांत हिशेब दिला तर तो वाजवी मुदतीत दिला असं धरलं जातं. फार उशीर झाला तर तो परतावा कर्मचाऱ्याचं उत्पन्न म्हणून करपात्र ठरू शकतो. लोकांना हे सांगितलं की बिलं भराभर येतात!

आणि बिलातून एखादी बाब वजा करताना सगळे एक चूक करतात. नुसती त्या बाबीची किंमत वजा करतात. समजा बाबींची बेरीज १,००० एकक, त्यात मद्याचे २५०, आणि वर कर व बक्षिशी मिळून १५०. मद्य चौथा हिस्सा आहे, तर त्या १५० मधला चौथा हिस्साही त्याचाच, म्हणजे ३७.५. वजा करायचे २८७.५, नुसते २५० नाहीत. फरक किरकोळ दिसतो. पण अनुदान देणाऱ्याच्या ऑडिटरला पहिल्यांदा तोच दिसतो. (करांचे दर वेगवेगळे असतील तर बिलावरून बघून लावा, सरसकट हिस्सा काढू नका.)

नवी_तपासनीस

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

एकाच पत्रात तीन गोष्टी मागितल्या: तपशीलवार बिल, हेतूची एक ओळ, अधिष्ठात्यांची सही. खाली लिहिलं की मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासूनच मोजली आहे, काळजी नसावी. पत्र विभागप्रमुखांना न पाठवता अर्जदारांच्या नावे काढलं, प्रत विभागप्रमुखांना. खिसा_रिकामा, तुमचं वाचून त्या नव्या प्राध्यापकांना आधी फोन केला. कार्डाच्या बिलाची तारीख जवळ आली होती, आणि ते कुणाला सांगायला संकोचत होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बिलाची प्रत आणून दिली.

हेतू आता असा आहे: विभागाच्या नव्या अभ्यासक्रमाचं बाह्य परीक्षण, पाहुणे परीक्षक, त्या दिवशीच्या बैठकीचं इतिवृत्त सोबत. दहा जण का होते तेही कळलं, अभ्यासक्रमातला प्रत्येक विषय शिकवणारा माणूस हजर होता. इतकं चोख कारण असताना "शैक्षणिक चर्चा" लिहून मोकळे झाले होते! खातं सर्वसाधारण निधीचं आहे, मद्य नाही.

आता एकच अडचण. यादीत नावं ११ आहेत. बिलावर छापलंय: माणसं १२.

विचारलं तर म्हणाले, पाहुण्यांच्या सोबत त्यांच्या पत्नी आल्या होत्या, त्यांचं नाव लिहायचं असतं हे सुचलंच नाही. आणि अर्जात ११ ने भागलं म्हणून माणशी खर्च इतका काठावर दिसत होता, १२ ने भागल्यावर बराच खाली येतो. म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध चूक केली. आमच्या नियमावलीत जोडीदाराबद्दल एक अक्षर नाही. काय करू?

लाल_शाई

नाव आणि नातं यादीत लिहून घ्या, ते आधी. नियमावली जोडीदाराबद्दल गप्प असेल तर तुम्ही स्वतःच्या अधिकारात हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. फाइल अधिष्ठात्यांकडे जातेच आहे, त्याच नोटवर एक ओळ वाढवा: "पाहुण्यांच्या जोडीदाराचा हिस्सा ग्राह्य धरावा किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत." नाही म्हणाले तर एकूण रकमेचा बारावा हिस्सा वजा करून बाकीचे ताबडतोब द्या, त्या मुलाचं कार्ड अडकलंय. आणि जो आदेश येईल त्याची एक प्रत तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा. पुढचा अर्ज येईल तेव्हा लागेल.

नवी_तपासनीस

अधिष्ठात्यांनी बारावा हिस्सा वजा करायला सांगितला. पैसे आज जमा झाले. विभागप्रमुखांचा फोन आला होता. म्हणाले, "मोजलीत ना शेवटी ताटं?" मी म्हटलं, मोजली सर, एक जास्त निघालं. हसले, आणि विचारलं की पुढच्या महिन्यात उमेदवार येणार आहेत, तर अर्जात काय काय लागेल ते आधीच लिहून पाठवता का. आता ती यादी करायला बसलेय.